निर्णय खेळाडूचा, कथा कंपनीची

पुण्यात बसून मी परदेशी गेम-मालिकांच्या जोडकथा लिहिते. एखादा गेम गाजला की त्याच्याभोवती कॉमिक निघतं, कादंबरी निघते, मोबाइलवरचा छोटा गेम निघतो, हल्ली वेब सिरीजही निघते. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात काय घडलं, अमक्या पात्राचं बालपण कसं गेलं, तमकं शहर कसं पडलं, असं सगळं त्यात सांगायचं असतं. याला आम्ही स्पिन-ऑफ म्हणतो, आणि कंपनीनं ‘हेच घडलं’ म्हणून शिक्कामोर्तब केलेल्या कथेला कॅनन. सुरुवातीला मी टेस्टर होते, पुढे कथेतली सुसंगती तपासू लागले आणि मग लिहायला लागले. कामं बदलली तरी एक प्रश्न पाठ सोडेना. मूळ गेममध्ये शेवट खेळाडूनं ठरवला असेल, तर पुढची गोष्ट कोणाच्या शेवटापासून सुरू करायची?

कादंबरीवरून सिनेमा काढणाऱ्याला हा पेच नसतो. कादंबरीत जे छापलंय ते सगळ्या वाचकांसाठी एकच. रोल-प्लेइंग गेममध्ये मात्र एकाच्या घरी सेनापती जिवंत असतो, दुसऱ्याच्या घरी त्याची कबर असते, आणि दोघांनीही सारखेच पैसे मोजलेले असतात.

टेस्टर असताना हे मला आकड्यांत दिसायचं. खेळाडूचा प्रत्येक महत्त्वाचा निर्णय सेव्ह फाईलमध्ये फ्लॅग म्हणून नोंदला जातो. नाकेदाराला सोडलं की 1, मारलं की 0. आम्ही मुद्दाम निरनिराळ्या सेव्ह फाईली तयार ठेवायचो. एक सगळ्यांना वाचवणारी, एक दिसेल त्याला मारणारी, एक अर्ध्यावर सोडलेली, आणि एक अगदी विक्षिप्त, जिच्यात एकमेकांशी न जुळणारे निर्णय कोंबलेले असत. गेमची नवी आवृत्ती (बिल्ड) आली की या फाईली लोड करून पाहायचं, मेलेलं पात्र कुठे बोलतंय का. कधी कधी बोलायचंही. बग नोंदवायचा आणि पुढच्या फाईलकडे वळायचं.

हे सगळं खरं किती अवघड आहे ते लिहायला बसल्यावर कळलं. मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम एका कॉमिकचं होतं. मूळ गेममध्ये पुलावरची एक लढाई होती. नायक आपल्या जुन्या साथीदाराला पलीकडे सोडून पूल उडवू शकत होता, किंवा त्याच्यासाठी थांबून पूल शत्रूच्या हाती जाऊ देऊ शकत होता. कॉमिक त्यानंतरच्या काळातलं. त्यात दोन म्हातारे शिपाई खानावळीत बसून त्या रात्रीबद्दल बोलतात, एवढाच प्रसंग माझ्या वाट्याला आला होता. ‘पूल उडाला तेव्हा’ असं लिहिलं की पूल न उडवणारे खेळाडू बाहेर. ‘पूल त्यांनी घेतला तेव्हा’ असं लिहिलं की उडवणारे बाहेर. बरेच खर्डे बाद झाल्यावर एका शिपायाच्या तोंडी मी घातलं, ‘‘त्या रात्रीनंतर मी नदीकडे फिरकलो नाही.’’ दुसरा काही बोलत नाही, आपला पेला त्याच्याकडे सरकवतो. पूल उडवलेल्याला त्यात साथीदाराचं मरण दिसावं आणि न उडवलेल्याला हातचं गेलेलं शहर, असा माझा हिशेब. आमच्या मुख्य लेखकानं ते वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘‘या शिपायाचं घर नदीच्या कुठल्या काठाला आहे?’’ पूल पडला असेल तर पलीकडच्या काठावरचा माणूस या खानावळीत पोचणारच नव्हता. मी त्याचं घर अलीकडे आणलं. हे काम कशाशी खातात, ते त्या एका प्रश्नानं मला शिकवलं.

अशा युक्त्या मोठमोठ्या मालिकांतही दिसतात, आणि त्या शोधत मी कितीतरी कॉमिकं आणि कादंबऱ्या वाचल्या. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या गेममध्ये (2007) कमांडर शेपर्ड पुरुष की स्त्री, चेहरा कसा, स्वभाव कसा, हे खेळाडू ठरवतो. 2010 मध्ये डार्क हॉर्सनं काढलेल्या ‘रिडेम्प्शन’ या कॉमिकमध्ये सगळी धावपळ शेपर्डच्या देहासाठी चाललेली आहे, पण तो देह बंद पेटीतच राहतो. तिसऱ्या गेमच्या शेवटावरून 2012 मध्ये खेळाडूंचा एवढा संताप उसळला की कंपनीला त्याच वर्षी वाढीव शेवट द्यावा लागला. पुढचा ‘अँड्रोमिडा’ (2017) आला तेव्हा कथा थेट दुसऱ्या आकाशगंगेत नेली होती. त्यातली जहाजं तिसऱ्या गेमच्या घटना घडण्याआधीच निघतात आणि सहाशेहून अधिक वर्षांनी पोचतात. मागे काय झालं, हे त्यांना कोण सांगणार? खेळाडूच्या निर्णयाला हात लावायचा नाही म्हणून कथा एवढ्या लांब नेणं मला मनापासून पटलं.

पण या मौनाची किंमत असते, आणि ती मी स्वतः लिहिताना मोजली आहे. प्रत्येक फ्लॅग सांभाळत लिहिलेली कथा गुळमुळीत होत जाते. कोणी मरायचं नाही, कोणी राजा व्हायचं नाही, कोणाचं लग्न लागायचं नाही. सगळी पात्रं एखाद्या मोठ्या घटनेच्या आसपास घुटमळतात आणि तिचं नाव घेत नाहीत. खानावळीतला तो प्रसंग एक पान टिकला. तसं आख्खं पुस्तक लिहिलं असतं तर वाचवलं नसतं.

त्यामुळे ‘काहीच ठरवू नका’ हा सल्ला मी कोणाला देत नाही. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (2009) मध्ये अ‍ॅलिस्टर नावाचा साथीदार आहे. खेळाडूच्या निर्णयांनुसार तो राजा होतो, साधा वॉर्डन, म्हणजे लढवय्याच, राहतो, दारूच्या आहारी जातो, फासावर जातो किंवा लढाईत मरतो. 2012 चं ‘द सायलेंट ग्रोव्ह’ हे कॉमिक त्याला सरळ राजा धरून चालतं आणि त्यामुळेच कथेला बळ येतं. राजा आपलं सिंहासन सोडून हरवलेल्या बापाचा शोध घ्यायला निघतो, हे तो आधी राजा असल्याशिवाय लिहिताच येत नाही. पण 2014 मध्ये मालिकेतला ‘इन्क्विझिशन’ हा गेम आला तेव्हा हा राजा सगळ्यांच्या गळ्यात मारला गेला नाही. कंपनीनं ‘कीप’ नावाची वेबसाइट काढली होती. तिथे आपले जुने निर्णय भरायचे आणि ते नव्या गेममध्ये न्यायचे. कोणाला अ‍ॅलिस्टर राजा म्हणून भेटतो, कोणाला वॉर्डन म्हणून, कोणाला भेटतच नाही. जोडकथेनं एक फांदी निवडली, खोड मोकळं ठेवलं. माझ्या मते या धंद्यातला हा सगळ्यात प्रामाणिक तोडगा आहे. त्याच मालिकेच्या ‘व्हेलगार्ड’मध्ये (2024) मागच्या गेममधले मोजके तीनच निर्णय पुढे आणता येतात, हे पाहून मला वाईट वाटलं. कारणं मला कळतात. प्रत्येक निर्णयासाठी वेगळे संवाद लिहायचे, नटांकडून रेकॉर्ड करून घ्यायचे, तपासायचे. तो खर्च मी जवळून पाहिला आहे. तरीही वाईट वाटलंच.

एकदा आमच्याकडे कॅनन आकड्यांवर ठरवायचं घाटत होतं. कंपनीकडे खेळाडूंचा डेटा असतो, कोणी काय निवडलं ते टक्क्यांत कळतं. बैठकीत कोणीतरी ‘इन्फेमस’चं उदाहरण दिलं. दुसऱ्या भागाचे दोन शेवट होते आणि ट्रॉफींच्या नोंदींवरून 78 टक्के खेळाडूंनी नायकाच्या बलिदानाचा शेवट निवडल्याचं दिसलं, म्हणून पुढचा ‘सेकंड सन’ (2014) त्याच शेवटावर उभा राहिला. स्टुडिओनं हे उघडपणे सांगितलं, लपवलं नाही, ही गोष्ट मला आवडते. पण मोजणीवर माझा विश्वास बसत नाही. ‘मास इफेक्ट’मध्ये स्त्री-शेपर्ड घेऊन खेळणारे सुमारे 18 टक्के असल्याचं 2011 च्या सुमारास त्या गेमच्या कंपनीनंच सांगितलं होतं. टक्क्यांवर निकाल लावायचा तर ती त्याच दिवशी कथेतून गेली असती. प्रत्यक्षात जेनिफर हेलच्या आवाजातली ती शेपर्ड आज मालिकेची ओळख झाली आहे. तिसऱ्या भागाच्या वेष्टनाचं कव्हर उलटून घातलं की ती दिसायची, ती याच थोड्या लोकांच्या आग्रहामुळे. बैठकीत मी हे मांडलं. शिवाय हेही सांगितलं की आमच्या गेममध्ये पुष्कळ जण समोर आधीच निवडलेला पर्याय तसाच ठेवून पुढे जातात. ज्यानं डोकं लावून दुसरा रस्ता धरला, त्याचा निर्णय थोड्यांचा असला तरी जास्त विचाराचा असू शकतो. प्रस्ताव बारगळला नाही, पण कॉमिकच्या पहिल्या पानावर ‘ही या जगाची एक शक्यता आहे’ अशी ओळ टाकायला मंजुरी मिळाली. ती ओळ माझ्यासाठी फार मोठी आहे.

माझा सगळा विचार बदलला तो एका पत्रामुळे. आमच्या एका कॉमिकमध्ये नायक मोहिमेवर निघतो आणि वाड्यावर एकटी राहणारी म्हातारी दाई झोपेत असताना न सांगता निघून जातो. आम्हाला ती साधी सोयीची चौकट वाटली होती, कारण जागा कमी होती. एका खेळाडूनं कंपनीला लांबलचक पत्र पाठवलं. त्याच्या गेममध्ये राजा मेला होता, कॉमिकमध्ये तो जिवंत होता, त्याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. तो लिहीत होता तो दाईबद्दल. गेममध्ये प्रत्येक मोहिमेआधी जिना चढून तिच्या खोलीत जायचं आणि तिच्याशी बोलूनच निघायचं, हे त्यानं कधी चुकवलं नव्हतं. तिच्याशी बोलून कुठलंही बक्षीस मिळत नव्हतं. ‘माझा कमांडर असा निघून गेला नसता,’ एवढं त्याचं म्हणणं होतं. ते पत्र आमच्या गटात सगळ्यांनी वाचलं.

त्यानंतर इतरांच्या फसलेल्या कथांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागाच्या शेवटी कौन्सिलवर अँडरसनला बसवायचं की उडीनाला, हे खेळाडू ठरवतो. तिसऱ्या भागात कोणालाही निवडलेलं असो, खुर्चीत उडीनाच असतो, अँडरसननं पद सोडलं असं कारण दिलं जातं. लोक कुरकुरले आणि पुढे खेळले. याउलट ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’चं प्रकरण घ्या. या 2018 च्या गेममध्ये कसांड्रा किंवा अलेक्सिओस यांच्यापैकी एकाला घेऊन खेळायचं, आणि प्रेम कोणावर करायचं, करायचं की नाही, हे पूर्ण आपल्यावर. जानेवारी 2019 मध्ये आलेल्या जोडभागात मात्र नायिकेनं किंवा नायकानं ठरलेल्या जोडीदाराबरोबर संसार थाटला आणि त्यांना मूल झालं. आधीच्या शेकडो तासांत तिनं फक्त बायकांवर प्रेम केलेलं असलं तरी. संताप इतका झाला की युबीसॉफ्टनं माफी मागितली आणि तो प्रसंग बदलला. उडीनाच्या बाबतीत कंपनीनं घटना बदलली होती. इथे माणूस बदलला होता. खेळाडू घटनेतला बदल सोसतो. आपण घडवलेल्या माणसाचा स्वभाव कोणी बदलला, तर ते त्याला सोसत नाही.

क्लेमेंटाइनच्या वाट्याला हेच आलं. टेलटेलच्या ‘द वॉकिंग डेड’ (2012) मध्ये ती लहान मुलगी आहे, पुढच्या भागांत खेळाडूच तिच्या रूपानं वावरतो आणि शेवटच्या पर्वात एजे नावाच्या मुलाला वाढवतो. त्याला काय शिकवायचं, हेही खेळाडूच्याच हाती. 2021 मध्ये आलेल्या छोट्या कॉमिकमध्ये आणि 2022 च्या पुस्तकात ती त्या मुलाला आणि आपल्या माणसांना सोडून एकटी निघालेली दिसते. पुस्तकाची लेखिका टिली वॉल्डन गुणी आहे, चित्रं सुरेख आहेत. पण ज्यांनी त्या मुलाला वाढवण्यात एक आख्खं पर्व घालवलं होतं, त्यांच्या हातून तो मुलगाच काढून घेतल्यासारखं झालं. ‘लाइफ इज स्ट्रेंज’मध्ये फांदी उघड निवडणं आणि माणूस बदलणं, हे दोन्ही प्रकार सापडतात. 2015 च्या गेममध्ये शेवटी मैत्रीण क्लोईला वाचवायचं की गावाला, हे नायिका मॅक्सला ठरवावं लागतं. टायटनचं 2018 पासूनचं कॉमिक क्लोई वाचलेल्या शेवटावरून पुढे जातं, तसं उघड सांगतं, आणि वाचकांनी त्याला आपलं म्हटलं. 2024 चा ‘डबल एक्सपोजर’ हा गेम सुरुवातीला विचारतो, तुम्ही काय केलं होतं? क्लोईला वाचवलं म्हणालात तर कळतं की दोघी केव्हाच दुरावल्या आहेत. फ्लॅगचा मान राखला गेला, पण ज्या माणसासाठी आख्खं गाव सोडलं, तिलाच दूर लोटलं. माझ्या मते विचारलंच नसतं तर जखम कमी झाली असती.

कँटीनमध्ये यावर एका सहकाऱ्याशी माझा चांगलाच वाद झाला. तो म्हणाला, मराठीत कर्णावर किती कादंबऱ्या आहेत, प्रत्येकाचा कर्ण वेगळा, आपण सगळे वाचतो, मग गेमवाल्यांनीच एवढं का रडावं? मला उत्तर सुचायला वेळ लागला. कर्णानं कवचकुंडलं दिली तेव्हा वाचक त्याच्याकडे बघत असतो. देऊ की नको, असं वाचकाला कोणी विचारलेलं नसतं. गेममध्ये विचारलेलं असतं, आणि रात्री उशिरापर्यंत कंट्रोलर हातात धरून त्यानं उत्तर दिलेलं असतं. दुसऱ्या लेखकाचा कर्ण वाचताना माझं काही जात नाही. माझं उत्तर खोडलं तर जातं.

मालिकांचं विश्व जितकं मोठं, तितका हा धोका जास्त. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (2003) या गेममधला रेव्हन पुरुष किंवा स्त्री, सज्जन किंवा दुष्ट, काहीही असू शकत होता. दुसऱ्या भागानं (2004) फार सुंदर मार्ग काढला. सुरुवातीलाच एक पात्र गप्पांच्या ओघात रेव्हनचा विषय काढतं आणि आपण जसं उत्तर देऊ, तसा रेव्हन त्या गेमपुरता ठरतो. मग 2011 मध्ये ‘रेव्हन’ कादंबरी आली. लेखक ड्रू कार्पिशिन, पहिल्या गेमचे मुख्य लेखक, म्हणजे घरचाच माणूस. तिच्यात रेव्हन सज्जन पुरुष ठरला, दुसऱ्या भागाच्या नायिकेला मीत्रा सुरिक हे नाव मिळालं आणि तिला पाठीत वार करून मारलं गेलं. आपण पूर्ण गेमभर जिच्या पावलानं चाललो, तिचा असा मृत्यू दुसऱ्याच्या पुस्तकात वाचायचा! 2014 मध्ये लुकासफिल्मनं हे सगळं जुनं विश्व ‘लेजंड्स’ म्हणून बाजूला काढलं. बर्‍याच जणांना तेव्हा वाईट वाटलं, पण माझ्या ओळखीचे काही खेळाडू सुटल्यासारखे हसले. त्यांची मीत्रा परत त्यांची झाली.

धीट उत्तरंही आहेत. ‘डॅगरफॉल’ला (1996) अनेक शेवट होते. पुढच्या गेमांनी सांगितलं की काळाचीच घडी मोडली आणि सगळे शेवट एकदम घडले. ‘ड्यूस एक्स’च्या दुसऱ्या भागानंही (2003) पहिल्याचे तिन्ही शेवट एकत्र विणले. ही युक्ती मालिकेला एकदाच परवडते, दर वेळी काळ मोडायला लागला तर निर्णयाला वजनच उरत नाही. त्याहून मला ‘एक्सकॉम 2’ (2016) आवडतो. पहिल्या भागात पृथ्वी वाचवली असली तरी दुसरा भाग म्हणतो, तुम्ही हरलात. पहिला खेळ मुळात फार अवघड होता, कित्येकांनी तो हरून सोडून दिला होता. कंपनीनं त्यांचा शेवट कॅनन केला. कोणाचाच स्वभाव बदलला नाही, फक्त युद्धाचा निकाल बदलला, आणि नव्या गेमला लढायला कारण मिळालं.

आता वेब सिरीजमुळे हा प्रश्न गेम न खेळणाऱ्यांपर्यंतही पोचला आहे. एप्रिल 2024 मध्ये ‘फॉलआउट’ आली. एका दृश्यात फळ्यावर शेडी सँड्स शहराच्या पतनाचं साल 2277 लिहिलेलं होतं. त्याच मालिकेतला 2010 चा ‘न्यू वेगास’ हा गेम 2281 मध्ये घडतो आणि त्यात ते शहर उभंच आहे. चित्र थांबवून लोकांनी तो फळा वाचला आणि आपला गेम पुसला गेला अशी भीती पसरली. सिरीजचे एक निर्माते टॉड हॉवर्ड यांना सांगावं लागलं की ‘न्यू वेगास’ कॅननच आहे आणि शहर पाडणारा बॉम्ब त्याच्या घटनांनंतर पडला. एका खडूच्या आकड्यावर माणसं एवढी का हलतात, असं एका पत्रकारानं मला विचारलं होतं. ज्यांनी ‘न्यू वेगास’मधल्या वाळवंटाचं भवितव्य स्वतः ठरवलं होतं, ती हलणारच.

या क्षेत्रात आता मराठी मुलंमुली येऊ लागली आहेत, काही जण माझ्याकडे आपलं लेखन वाचायला पाठवतात. त्यांना माझी एक विनंती आहे. दुसऱ्याच्या गेमवर कथा लिहायला घेण्याआधी तो गेम निदान दोनदा पुरा खेळा. पहिल्यांदा मनासारखे निर्णय घ्या. दुसऱ्यांदा जे तुम्ही कधीच घेतले नसते ते घ्या, आणि तसं खेळणारा माणूस आपल्या त्या रस्त्यावरही कोणाला जीव लावतो ते शोधा. त्याचं नाव कागदावर लिहून ठेवा. मग जी फांदी निवडायची ती निवडा, निवडली आहे हे पहिल्याच पानावर सांगा, आणि त्या नावाच्या माणसाला तुमच्या कथेत कोणी न सांगता सोडून जाणार नाही एवढं बघा.